मांजराच्या रक्ताचा रिपोर्ट कळेना: मोठं हॉस्पिटल की जवळचे डॉक्टर?

मांजर खातंय, खेळतंय आणि रिपोर्टात मात्र एक-दोन आकडे भलतेच आलेत, अशा काळजीत असलेल्यांसाठी हे लिहितोय. आमच्या चिंगीच्या वेळी मी दोन्हीकडे जाऊन आलो.

चिंगी नऊ वर्षांची. दात साफ करायला भूल द्यायची म्हणून रक्त तपासलं, तर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) अवघ्या ४२ हजार आणि साखर चढून २३६. धसका घेऊन तिला थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सोनोग्राफी, एक्स-रे सगळं आहे, रात्री-अपरात्रीही डॉक्टर असतात, आणि माणसं हुशार आहेत.

पण तीन खेपांना तीन वेगळे डॉक्टर भेटले. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, दर वेळी नव्याने रक्त. पाऊण तास पिंजऱ्यात ओरडत आलेली चिंगी टेबलावर ठेवली की बुबुळं विस्फारलेली, तळवे घामाने ओले. घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यानेही अडीचशेपर्यंत चढते. हे त्यांना ठाऊक असणारच, पण चिंगी किती घाबरते हे लक्षात ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. तिसऱ्या खेपेला हाडातला मगज तपासायची गोष्ट निघाली, तेव्हा मी तिला घरी आणलं.

आमच्या जवळच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "रक्त पटकन आलं होतं, की सुई दोनदा टोचावी लागली?" मांजराच्या प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि चटकन एकमेकींना चिकटणाऱ्या, असा पुंजका यंत्राला नीट मोजता येत नाही. त्यात नमुना माणसांच्या लॅबला गेला तर घोळ वाढतो, कारण मांजराच्या तांबड्या पेशी आकारमानाने आपल्या पेशींच्या साधारण निम्म्याच असतात. त्यांनी रक्ताचा थेंब पसरलेली काच (स्लाइड) रंगवून मला मायक्रोस्कोपमधून दाखवली: कडेला जांभळट पुंजकेच पुंजके. मग जांभळ्याऐवजी निळ्या झाकणाच्या नळीत, एकाच टोच्यात रक्त घेतलं. प्लेटलेट २ लाख १० हजार. साखरेसाठी फ्रुक्टोसामाइन केलं, त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते. तेही ठीक निघालं.

आता, असे डॉक्टर सगळीकडे मिळतीलच असं नाही. आणि कावीळ दिसली, पोटात पाणी झालं, धाप लागली, दिवसभर घास खाल्ला नाही किंवा बोका लघवीला बसतोय पण होत नाही, तर क्षणभरही न थांबता मोठं हॉस्पिटल गाठा. ताप हटत नाही आणि ग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रथिन) वाढलंय, अशा वेळी एफआयपीची (मांजरांच्या एका गंभीर विषाणूजन्य आजाराची) शंका घ्यावी लागते; तिथेही सोनोग्राफीची सोय जवळ असलेली बरी.

पण मांजर धडधाकट आणि फक्त आकडा विचित्र, असं असेल तर मी तरी आधी जवळच्याच डॉक्टरांकडे जाईन. जाण्याआधी फोन करून एवढं विचारा: "स्लाइड तुम्ही स्वतः बघता का?" आमच्या डॉक्टरांनी बघितली, आणि चिंगीचे दात त्याच महिन्यात साफ झाले.