घरपोच माती परीक्षण सेवा : पृथक्करण चोख, नमुना घेणे मात्र ढिले

माण तालुक्यातील आमची शेती एकाच ओढ्याच्या पाणलोटात, पण चार तऱ्हेच्या रानांत विभागलेली आहे : माथ्यावरचे बरड (उथळ, खडेमिश्रित रान), ताली म्हणजे आडवे बांध घातलेला उतार, पायथ्याचे मध्यम काळे रान आणि ओढ्याकाठची मळई, म्हणजे गाळाचे रान. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत कोरडवाहू भागात 10 हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना, असा निकष होता. आमच्याकडे तेवढ्या चौकटीत माथा आणि ओढा दोन्ही बसतात. म्हणून यंदा ज्वारी निघाल्यावर एका खाजगी प्रयोगशाळेची, शेतावर येऊन नमुना नेणारी सेवा पैसे भरून घेतली.

आलेल्या मुलाचे म्हणणे असे, की सातबाऱ्यावर गट एकच असल्याने नमुनाही एकच पुरे. शेवटी चार नमुन्यांचे पैसे भरले, तेव्हा तो उतारावर चढला. त्याने इंग्रजी ‘व्ही’सारखे खड्डे वीस सेंटीमीटरपर्यंत नीट घेतले, पण माती गोळा करायला जस्ताचा मुलामा दिलेली बादली काढली. जस्ताचे प्रमाण तपासायचे असताना अशी बादली वापरणे म्हणजे उत्तर आधीच बिघडवणे. घरातले प्लॅस्टिकचे घमेले मीच आणून दिले.

अहवाल नऊ दिवसांत आला आणि बाराही घटकांचे आकडे स्पष्ट होते. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन) सर्वांत कमी उतारावर निघाला, 0.28 टक्के, माथ्यापेक्षाही कमी. हे पटण्यासारखे आहे, कारण माथा बरीच वर्षे गवताखाली पडीक होता आणि उताराची नांगरट दरवर्षी होते, वरची माती ओढ्याकडे जाते. (तालीच्या वरच्या अंगाला साचलेली माती वेगळी तपासायला हवी होती, हे मला उशिरा सुचले.) पायथ्याच्या चुनखडीच्या रानात सामू (पीएच) 8.4, जस्त आणि लोह कमी. तिथे पिवळी पडणारी तूर मी इतकी वर्षे पाण्याच्या माथी मारत होतो. एवढ्या एका उलगड्यासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

खरी तक्रार बरडाच्या अहवालाबद्दल आहे. त्यात पालाश (पोटॅश) हेक्टरी 300 किलो, शेरा ‘भरपूर’. हा आकडा काढताना हेक्टरभर रानात 15 सेंटीमीटर खोलीची सुमारे 22.4 लाख किलो माती धरलेली असते आणि तपासणी चाळणीखाली पडलेल्या बारीक मातीचीच होते. आमच्या बरडात दहा सेंटीमीटरखाली पहार मुरमावर वाजते आणि वरच्या थरातही तिसरा हिस्सा खडेच आहेत. म्हणजे त्या 300 किलोंपैकी निम्मेही पिकाच्या वाट्याला नाहीत. मातीची खोली आणि खड्यांचे प्रमाण लिहायला अहवालात रकानाच नव्हता. त्यावर कहर म्हणजे चारही रानांना खताची शिफारस शब्दशः एकच छापली होती. फोन केल्यावर सुधारित शिफारस पाठवली, पण त्यात फक्त पीक बदलले होते : ज्वारीच्या जागी बाजरी.

पृथक्करणाला पाचपैकी चार गुण, शेतावरच्या सेवेला दोन. पुढच्या खेपेला नमुने मी स्वतः काढून, सावलीत वाळवून, खोली आणि खड्यांची नोंद चिठ्ठीवर करून नेऊन देणार आहे. घरपोच सेवेचे जादा पैसे भरण्याचे कारण उरलेले नाही.