दोघांच्या शिडाच्या होडीला नांगर कोणता घ्यावा?

कोकणच्या खाडीत रात्र काढायची असेल तर नांगर किती घट्ट रुततो हे नंतर बघा. आधी हे बघा, की उपटला गेल्यावर तो आपला आपण पुन्हा रुततो का. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी वायव्येचा वारा, पहाटे जमिनीवरून मतलई, आणि दर सहा तासांनी भरती-ओहोटीची धार उलटी. एका रात्रीत होडी दोन-तीनदा तोंड फिरवते. वर माणसं दोनच, त्यातलं एक झोपलेलं. तेव्हा पुन्हा रुतण्याचं काम नांगरानेच करायला हवं.

मी लिहितोय ते वीस-बावीस फुटी होडीबद्दल.

डॅनफर्थ बहुतेकांचा पहिला नांगर असतो. दोन रुंद पाती, मध्ये बिजागरी. वाळूत आणि चिखलात वजनाच्या मानाने त्याची पकड फार चांगली, आणि सपाट असल्यामुळे कुठेही मावतो. माझ्याकडेही तोच होता. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी संध्याकाळी टाकला, इंजिन रिव्हर्सला घेऊन ताणून पाहिला, तसूभरही हलला नाही. झोपण्याआधी कोर्लईचा दीपस्तंभ आणि काठावरच्या एका घराचा दिवा एका रेषेत धरून ठेवले होते. रात्री धार फिरली आणि धाकट्या भावाने हाक मारली. दोराला हात लावला तर तो थरथरत होता. ताण यायचा, सुटायचा, पुन्हा यायचा. दोन्ही दिवे एकमेकांपासून हातभर फाकले होते, म्हणजे होडी सरकत होती. नांगर वर काढला तेव्हा पात्यांच्या बेचक्यात चिखलाचा गोळा आणि एक मोठा शिंपला घट्ट बसलेला. पाती वळायलाच जागा नव्हती. जेवणापुरतं थांबायला, किंवा दुसरा नांगर म्हणून, मी तो आजही ठेवतो. रात्रीसाठी नाही.

दुसरा प्रकार फाळाचा. आपल्या भाषेत शेतातला आणि समुद्रातला, दोन्ही नांगरच. सीक्यूआर दिसतोही शेतातल्या नांगरासारखा. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी तो १९३३ मध्ये काढला, छोट्या होड्यांना कमी वजनात पकड मिळावी म्हणून. होडी फिरली की तोही वळतो, हा त्याचा गुण. पण मऊ चिखलात तो रुतण्याऐवजी सरी पाडत येतो. डेल्टा ही त्याचीच बिनबिजागरीची पुढची पिढी. लवकर रुततो आणि किंमतही आवाक्यातली.

तिसरा फावड्यासारखा खोलगट: स्पेड, रोक्ना. रोक्नाला वर कमान असते, त्यामुळे उलटा पडला तरी सुलटा होतो, थोड्या अंतरात रुततो, आणि उपटला तरी लगेच पुन्हा धरतो. दोघांच्या होडीला मी हाच सांगेन, आणि जमलं तर एक माप वरचा. महाग आहे. कमान लहान होडीच्या कप्प्यात मावत नाही, आणि वर येताना घमेलंभर चिखल घेऊन येतो, म्हणून बादली नाळेवरच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, ठेवावी लागते. चार नख्यांचा घडीचा नांगर मात्र खडकाळ जागेपुरताच.

आता साखळी की दोर? सगळी साखळीच घ्या, असं मोठ्या होडीवाले सांगतील. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते. चाळीस मीटर म्हणजे छप्पन्न किलो, तेही नाळेवर. छोटी होडी तोंडावर झुकते आणि ओढताना पाठ जाते. आठ-दहा मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर हेच बरं. नायलॉन ताणतो, झटके खातो. बंदरात स्वस्त मिळणारा प्लॅस्टिकचा दोर तरंगतो आणि इंजिनच्या पंख्यात जातो, तो नको.

लांबी मोजताना बहुतेक जण इथेच चुकतात. दोर खोलीच्या पाचपट सोडायचा, तर ओहोटीला तीन मीटर पाणी दिसलं म्हणून पंधरा मीटर सोडतात. उधाणाला चार मीटर पाणी चढलं, पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर धरली, की खोली आठ होते. पाचपट म्हणजे चाळीस मीटर. दोरावर दर पाच मीटरला हाताला लागेल असा धागा बांधा, म्हणजे अंधारातही मोजता येतं.

एकट्याने नांगर टाकायचा तर नाळेपर्यंत धावण्यापेक्षा सुकाण्याजवळून टाकलेला बरा. आधीच मोजून दोराचं टोक नाळेच्या खुंट्याला पक्कं करा, दोर नाळेवरच्या रोलरवरून, डोलकाठीच्या सगळ्या तारांच्या बाहेरून मागे आणा, नांगर हाताशी ठेवा. वाऱ्याला तोंड देऊन होडी थांबली की इंजिन न्यूट्रलला आणि नांगर हळू खाली. होडी मागे सरकते, दोर संपतो आणि ती आपोआप वाऱ्याकडे वळते. दोघं असाल तर एकाने नाळेवर उभं राहून टाकणंच सोपं. फक्त हाताच्या खुणा आधी ठरवा, इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही. मऊ चिखलात दहा-पंधरा मिनिटं नांगराला बसू द्या आणि मगच रिव्हर्सला जोर लावा. डोल जाळी (धारेत एका जागी बांधून ठेवलेली मासेमारीची जाळी) दिसली तर जागा बदला.

काढताना धार मंदावण्याची वाट पाहा. दोर उभा होईपर्यंत ओढून खुंट्याला बांधा आणि हात सोडा. दोन-चार लाटांत होडी वर उचलली जाते आणि तीच नांगराला चिखलातून सोडवते.