लफबरोचा कॅरिलन मनोरा: वादनाची वेळ साधूनच जा

इंग्लंडमधल्या लेस्टरहून उत्तरेला रेल्वेने पंधराएक मिनिटांवर लफबरो. गावाच्या मधोमध क्वीन्स पार्क आणि त्यात हा विटांचा, तांब्याच्या माथ्याचा, सुमारे 150 फुटी मनोरा. कॅरिलन म्हणजे सुरात लावलेल्या अनेक घंटांचं, एकाच वादकाने वाजवायचं वाद्य. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांचं हे स्मारक. घंटा ओतणारा टेलर कारखाना गावातलाच, त्यामुळे गावाने वाजतं स्मारक उभारलं. आराखडा वॉल्टर टॅपर यांचा. 22 जुलै 1923 रोजी उद्घाटन झालं, त्यासाठी इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारने खास रचना करून दिली होती. (मुंबईच्या राजाबाई टॉवरमधल्या घंटाही टेलरच्याच.)

घंटा एकूण 47. सर्वांत मोठी चार टनांवर, सर्वांत लहान जेमतेम नऊ-दहा किलोंची. मोठी घंटा कारखान्याचे प्रमुख एडमंड डेनिसन टेलर यांनी युद्धात मारल्या गेलेल्या तीन पुतण्यांच्या स्मरणार्थ दिली. एवढी माहिती असली तरी पुरे, कारण इथे बघण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त आहे.

चर्चमधल्या घंटा झुलतात, इथल्या जागच्या हलत नाहीत. घंटांखालच्या खोलीत वादक लाकडी दांड्यांवर मुठीचा घाव घालतो आणि पायाने पट्ट्या दाबतो. दांडीला जोडलेली तार वर जाऊन घंटेतला लोलक ओढते. वीज नाही, मोटर नाही. घाव हलका तर सूर हलका, म्हणून घड्याळी यंत्रावर वाजणाऱ्या घंटांचा एकसुरीपणा इथे नाही. तारांचं मात्र हवामानाशी वाकडं. उन्हाने तार लांबली की दांडी खाली बसते आणि लोलक घंटेपर्यंत नीट पोचत नाही, थंडीत उलट. त्यासाठी तारांना पिळून ताण जुळवायची सोय असते, आणि वाजवायला बसण्याआधी दांड्या चाचपून बघाव्या लागतात. लोलक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून चपटा झाला की आवाज कर्कश होतो. मग तो फिरवून किंवा घासून गोल करावा लागतो.

आता कानाचं. घंटेचा धातू म्हणजे साधारण 77 ते 80 टक्के तांबं, बाकी कथील. घंटा मुद्दाम थोडी जाड ओततात आणि आतून खरवडत सुरात आणतात. एकदा जास्त खरवडली की उतरलेला सूर पुन्हा चढवणं जवळपास अशक्य. टेलरने 1890च्या दशकात एकेका घंटेतले पाच वेगवेगळे स्वर जुळवायची पद्धत बसवली, त्यांतला एक आपला कोमल गंधार. म्हणून खालच्या सुरातल्या मोठ्या घंटांवर शुद्ध गंधाराचा मेळ वाजवला तर कानाला खटकतो, आणि संथ, उदास चाली इथे खुलतात. घंटेची आस, म्हणजे घुमत राहणारा आवाज, दाबायची सोय नसल्याने या घंटांवर द्रुत लयीत नुसता गलका होतो. झगमगीत, वेगवान काही ऐकायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल.

मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहू नका. आवाज माथ्याच्या उघड्या बाजूंनी बाहेर पडतो आणि डोक्यावरून निघून जातो. शंभरेक पावलं दूर, वारा मनोऱ्याकडून आपल्याकडे वाहत असेल अशा बाजूला बसा. रस्त्यालगतचा बाक टाळा, वाहनांच्या आवाजात बारक्या घंटा पार बुडतात.

आतलं संग्रहालय लष्करी: गणवेश, पदकं, शस्त्रं. आवड असेल तर छान, नाहीतर वीस मिनिटांत उरकतं. सज्जापर्यंत 138 पायऱ्या, लिफ्ट नाही, वरचा जिना अरुंद. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल खाली थांबा. संगीतात काही उणं पडत नाही. वादन चालू असताना घंटांच्या जवळ लहान मुलांना नेऊ नये.

मनोरा फक्त उन्हाळी हंगामात, तोही दुपारचा उघडतो. वादनाचे वार ठरलेले असले तरी निघण्याआधी वेळापत्रक बघाच. हिवाळ्यात गेलात तर बंद दार आणि बाग, एवढंच. त्याच दिवशी फ्रीहोल्ड स्ट्रीटवरचा टेलरचा ओतकारखाना जोडता येतो. तिथली फेरी आगाऊ नोंदवूनच जा.