नदीत बोटुकली सोडायची की डोह राखायचा?

गावाजवळून नदी वाहते, महसीर, वाम, शिंगाळा असे जुने मासे जाळ्यात येईनासे झालेत आणि ग्रामपंचायतीकडे किंवा मच्छीमार संस्थेकडे थोडा निधी आहे. अशा वेळी दोन प्रस्ताव पुढे येतात. एक, नदीत मत्स्यबीज, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं (बोटुकली), सोडायचं. दुसरा, एखादा खोल डोह मासेमारीला बंद करून राखायचा. माझा कौल डोहाला आहे.

मत्स्यबीजाचं काम एका दिवसात उरकतं. बंद तळ्यात किंवा धरणाच्या जलाशयात त्याचा फायदाही खरा आहे. कटला, रोहू, मृगळ भराभर वाढतात आणि भोई कुटुंबांच्या हाती पैसा येतो. त्यावर पोट असलेल्यांना नाही म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण हे तिन्ही मासे गंगेच्या खोऱ्यातले. ते वाढले म्हणून आपल्या नदीचा मासा परतत नाही.

मग महसीरचंच बीज सोडू, असं कुणी म्हणेल. इथे कावेरीचं उदाहरण नीट पाहावं. आपल्याकडचा निळ्या पराचा महसीर इंग्रज अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला. पुढे लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याचं बीज तयार होऊ लागलं आणि १९७० च्या दशकापासून ते कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा आहे, पाठीवर कुबड असलेला, दुसऱ्या कुठल्याच खोऱ्यात न सापडणारा. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याच्या जागी आपला निळ्या पराचा भरून राहिलाय. कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला २०१८ उजाडलं, तोवर तो जवळजवळ संपत आला होता. हेतू चांगला होता, मासाही भारतीयच होता, तरी हे झालं. म्हणून बीज कुठल्या खोऱ्यातल्या माशांचं आहे याचं उत्तर मिळत नसेल, तर ते वाहत्या नदीत सोडूच नये.

डोहाचं काम सावकाश चालतं. उन्हाळ्यात धार तुटली की नदीतले मासे डोहातच तग धरतात आणि पाऊस लागला की तिथूनच वर चढतात. म्हणजे पुढच्या वर्षीची सगळी वीण त्या एका खोलगट जागेत असते. महाड तालुक्यात काळ नदीवरचं वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठचं तिळसे ही ठिकाणं पाहून या. देवाचे मासे म्हणून तिथे कुणी जाळं टाकत नाही आणि हातभर लांबीचे महसीर काठावरून दिसतात. बीज विकत घेण्याची गरजच पडलेली नाही.

कमजोरीही मोठी आहे. सगळे मासे एका जागी असल्याने एका रात्रीत सगळे जाऊ शकतात. कर्नाटकात शिशिलाच्या देवळाजवळ १९९६ मध्ये कुणीतरी पाण्यात विष घातलं आणि हजारो मासे मेले. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे, पण राखण गावालाच करावी लागते. त्यामुळे डोहावर ज्यांची जाळी पडतात त्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. त्यांचा उन्हाळ्यातला तोटा भरून निघत नसेल तर ठराव कागदावरच राहील.

खर्चाचं म्हणाल तर डोहाला फलक, राखणदाराचं मानधन आणि वाळूउपसा थांबवायची धमक एवढंच लागतं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. महसीर वाहत्या पाण्यातल्या गोट्यांवर अंडी घालतो, तो थर उपसला तर राखलेल्या डोहाचाही उपयोग नाही. खालच्या अंगाला कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पहिल्या पावसाआधी निघतील एवढं पाहा, नाहीतर चढणीचा मासा तिथेच अडतो.

गावात तळं असेल तर दोन्ही करता येईल. बोटुकली तळ्यात, राखण डोहाची. फक्त तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा आणि पावसाळ्यात ती तुंबत नाही ना, हे रोज कुणीतरी बघा.