स्पॅनिश सरंजामी शब्दांचे इंग्रजी भाषांतर: एका सेवेबद्दल अभिप्राय

माझा प्रबंध हैदराबाद संस्थानातील जहागिरींच्या उन्मूलनावर आहे आणि त्यातील एका प्रकरणात स्पेनमधील सरंजामी हक्क कसे रद्द झाले याच्याशी तुलना केली आहे. प्रबंध इंग्रजीत सादर करायचा आणि मला स्पॅनिश जेमतेम वाचता येते, म्हणून छत्रपती संभाजीनगरातील एका लहान भाषांतर-सेवेकडे मी 42 छापील पाने सोपवली. त्यांत कॅस्टीलचा राजा पेद्रो पहिला याच्या कारकिर्दीत, 1351-52 साली, गावोगावच्या हक्कांची नोंद करणाऱ्या ‘बेसेर्रो दे लास बेहेत्रिआस’ या दप्तरातील काही गावे होती, कादिझच्या कोर्तेसने, म्हणजे स्पेनच्या प्रतिनिधिसभेने, 6 ऑगस्ट 1811 रोजी काढलेला सेन्योरिओविषयीचा, म्हणजे धन्याच्या सरंजामी हक्कांविषयीचा, हुकूम होता आणि कॅटलोनियातील शेतकऱ्यांविषयीचा एक आधुनिक उतारा होता.

व्यवहाराबद्दल तक्रारीला जागा नाही. ठरल्या दिवशी मसुदा आला, दर आधी सांगितला होता तोच राहिला आणि शंकांची उत्तरे मराठीतून, न कंटाळता मिळाली. चालू गद्याचे इंग्रजी स्वच्छ व वाचनीय आहे. अडचण आहे ती संज्ञांची, आणि अशा कागदांत सगळा अर्थ संज्ञांतच साठलेला असल्यामुळे याच गोष्टीबद्दल मी सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत गंभीर चूक 1811 च्या हुकमात झाली. त्या हुकमाचा गाभाच असा की सेन्योरिओचे दोन प्रकार वेगळे केले गेले: ज्यात न्यायनिवाडा करण्याचा व अधिकारी नेमण्याचा हक्क होता तो ‘खुरिसदिक्सिओनाल’ सेन्योरिओ राष्ट्राकडे आला, तर जमिनीवरचा ‘तेरितोरिआल’ सेन्योरिओ इतर कोणत्याही खासगी मालमत्तेसारखा धन्याकडे राहिला. ‘वासाल्यो’, म्हणजे अंकित प्रजा, हा शब्दच त्या हुकमाने रद्द केला. पुढे 1837 पर्यंत स्पेनमध्ये जो वाद चालला तो मुख्यतः एखाद्या गावातला हक्क यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो, यावरच. सेवेच्या पहिल्या मसुद्यात मात्र दोन्हींसाठी ‘मॅनोरिअल इस्टेट’ हा एकच शब्द वापरला होता, त्यामुळे एका कलमात जे रद्द झाले तेच पुढच्या कलमात कायम राहिले, असे वाक्य तयार झाले. मराठवाड्यातल्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. जहागीरदाराकडे गावचा सारा वसूल करण्याचा हक्क असे, पायगांसारख्या, म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्यांच्या, मोठ्या जहागिरींना स्वतःची न्यायालये आणि पोलीसही होते, पण तेवढ्याने रयतेच्या शेताची मालकी त्यांच्याकडे जात नसे. म्हणून 1949 मध्ये जहागिरी संपल्या तेव्हा नेमके काय संपले, हे ‘इस्टेट’ या एका शब्दातून कळत नाही. आमच्या जहागीर, इनाम आणि वतन या तीन वेगळ्या गोष्टी इंग्रजी कागदांत कितीदा एकाच शब्दात कोंबल्या गेल्या आहेत, हे ज्याने दप्तरखान्यात बसून पाहिले आहे, त्याला स्पॅनिश शब्दांचे असे झालेले पाहवत नाही.

‘रेआलेन्गो’ या शब्दाचेही असेच झाले. त्याचे ‘रॉयल इस्टेट’ केल्याने ती राजाची खासगी मिळकत वाटते, म्हणजे आपल्याकडच्या सर्फ-ए-खाससारखी, निजामाच्या खासगी मुलखासारखी. वस्तुतः ज्या मुलखावर मध्ये दुसरा धनी नसून राजाचा थेट अंमल आहे, तो रेआलेन्गो, आणि निजामाच्या राज्यात त्याला जवळचा शब्द शोधायचा तर दिवाणी मुलूख हाच. मी हे लिहून कळवल्यावर त्यांनी दुरुस्ती केली आणि ती चांगली केली.

‘सर्फ’ (serf), म्हणजे धन्याच्या जमिनीशी बांधलेला शेतकरी, या इंग्रजी शब्दाबाबत मात्र त्यांनी बराच वेळ आपलेच म्हणणे धरून ठेवले. कॅस्टीलमधील ‘सोलारिएगो’ हा धन्याच्या जागेवर घर करून राहणारा शेतकरी. 1348 च्या अल्कालाच्या कायद्याने त्याला असे संरक्षण दिले होते की तो आपले देणे देत असेल तोवर धन्याला ती जागा त्याच्याकडून किंवा त्याच्या मुलाबाळांकडून काढून घेता येणार नाही. कॅटलोनियातील ‘रेमेन्सा’ शेतकऱ्याला जमीन सोडून जायचे तर स्वतःला सोडवून घेण्याची रक्कम भरावी लागे, आणि 1486 मध्ये राजा फर्नांदो याने ग्वादालूपे येथे दिलेल्या निवाड्यानंतर ते बंधन सुटले. दुसऱ्याला ‘सर्फ’ म्हणणे एक वेळ चालेल, पण पहिल्यालाही तेच नाव दिल्यावर माझी तुलनाच कोसळते, कारण मला सोलारिएगोची स्थिती 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्यातील संरक्षित कुळाच्या शेजारी ठेवून पाहायची आहे. अखेर त्यांनी मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला अर्ध्या ओळीचे स्पष्टीकरण दिले. मला हवे होते ते एवढेच होते.

जिथे त्यांनी ही पद्धत आपणहून वापरली, तिथले काम खरोखर उत्तम आहे. ‘बेहेत्रिआ’ म्हणजे आपला धनी आपण निवडण्याचा हक्क असलेले गाव. काही गावांना विशिष्ट घराण्यातूनच निवड करता येई, तर ‘दे मार आ मार’, म्हणजे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, अशा गावांना कोणालाही धनी करता येई. या शब्दाला इंग्रजीत जोड नाही हे ओळखून त्यांनी तो तसाच ठेवला आणि दोन्ही प्रकार नेमके समजावले. करांच्या नावांतही बहुतेक ठिकाणी तीच काळजी दिसते. ‘मार्तिनिएगा’ हा संत मार्टिनच्या सणाला, 11 नोव्हेंबरच्या सुमारास, द्यायचा कर आणि ‘फोन्सादेरा’ हे लढाईवर न जाण्याबद्दल भरायचे पैसे, हे त्यांनी मी न विचारता नोंदवले. फक्त ‘यान्तार’ चुकले. त्याचे नुसते ‘मील’ असे भाषांतर झाले होते, पण राजा किंवा धनी गावी मुक्कामाला आला की त्याला आणि त्याच्या लवाजम्याला जेवू घालण्याची ती सक्ती होती आणि पुढे तिचे रोख रकमेत रूपांतर झाले. अंमलदार गावात उतरला की शिधा पुरवावा लागे, हे आमच्याकडे आजोबांच्या तोंडून ऐकलेले असल्यामुळे ती चूक माझ्या लगेच नजरेस आली. ज्याने असे काही ऐकलेले नाही, तो राजा गावात जेवला असे वाचून पुढे गेला असता.

दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्यांसाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. साधी पत्रे, दाखले किंवा आजकालचे लेख यांच्यासाठी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. जुन्या हक्कांचे आणि करांचे कागद द्यायचे असतील तर आधी 2 पाने नमुन्यादाखल करून घ्यावीत, कोणते शब्द मूळ स्वरूपात ठेवायचे याची यादी सोबत द्यावी आणि एकच इंग्रजी शब्द दोन स्पॅनिश संज्ञांसाठी आला आहे का, हे मूळ पान शेजारी ठेवून तपासावे. बेसेर्रोमधील उरलेल्या गावांचे काम मी अशा यादीसह त्यांच्याकडेच दिले आहे.