कटपीसच्या टेबलात झालेली माझी फसवणूक

नाशिकला माझा शिवणक्लास आहे. मागच्या दिवाळीआधी कापड बेतायला आठ बाय चार फुटांचं टेबल हवं होतं. एक फर्निचरवाले मिस्त्री म्हणाले, "ताई, नवी शीट कशाला घेता? माझ्याकडे नऊ एमएम प्लायचे चांगले कटपीस, म्हणजे उरलेले तुकडे, पडलेत. दोन थर चिकटवून देतो, अखंड प्लायपेक्षा मजबूत होईल." सनमायकासकट ९,५०० रुपये ठरले, मी सगळे आगाऊ दिले.

पद्धत खरी आहे, म्हणूनच माझा विश्वास बसला. वरच्या थराच्या सांध्याखाली खालचा सांधा येऊ द्यायचा नाही, तुकड्यांच्या सबंध पाठीला फेविकॉल लावायचा आणि दिवसभर वजनाखाली दाबून ठेवायचं. असं केलं तर तुकड्यांची फळी खरोखर अखंडासारखी वागते. नुसती कडेला कड चिकटवली तर ती टिकत नाही, कारण प्लायच्या कडेला निम्म्या थरांचं टोक उघडं असतं आणि ते गोंद पिऊन टाकतं.

टेबल आलं तेव्हा मिस्त्रींच्या पोऱ्याने फळी एकट्याने उचलून आत आणली. तिथेच मी थांबायला हवं होतं. अठरा एमएमची आठ बाय चारची प्लाय साधारण ३५ किलो भरते, एकट्याला जड जाते. पण कडेची पट्टी जाड, सनमायका चकचकीत, मी खूश झाले.

दोन महिन्यांत मधोमध खोलगट झालं. सनमायकाखालून एक सरळ रेघ वर आली, खडूची खूण तिथे अडखळायची. बोटाने ठोकलं तर कडेला भरीव आवाज, मध्ये पोकळ. शेजारच्या काकांनी खालून पटाशी घातली. खालचा थर नव्हताच! कडेने चार बोटं रुंद पट्ट्या, मध्ये पोकळी आणि झाकायला चार एमएमची पातळ शीट. वरचे तुकडे नुसते कडेला कड लावून पिनांनी धरलेले. एका सांध्यात तर गोंदाचा थेंबही नव्हता.

मिस्त्रींना फोन केला. "लाकूड आहे ताई, हवेने होतं," म्हणाले. नंतर फोन उचलणंच बंद.

तुकडे जोडून काम करून घेणार असाल तर सनमायका लावायच्या आधी स्वतः जाऊन पाहा, दोन्ही थरांचे फोटो काढा, फळी उलटी करून जागोजागी ठोका. आणि हे सगळं होईपर्यंत निम्म्याहून जास्त पैसे देऊ नका. कमी पैशात भागवायचं म्हणून आपण कटपीस घेतो, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात याचा मला फार राग येतो.

दुसरी फळी काकांनी माझ्या अंगणात, माझ्यासमोर जोडली. रात्रभर तिच्यावर गव्हाची पोती रचून ठेवली होती. सकाळी ती आत न्यायला तिघं लागलो.