मालमत्ता कराचे बिल, त्याची वाटणी आणि त्यामागचा अर्थसंकल्प: एका खजिनदाराचा अभिप्राय

मुलुंड पूर्वेतील ४२ सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी मानद खजिनदार आहे. 'मानद' याचा अर्थ चुका इतरांनी केल्या तरी बोलणी आपण खायची, हे पद घेतल्यावर कळले. मालमत्ता कराच्या निमित्ताने गेल्या वर्षभरात दोन सेवांशी माझा जवळून संबंध आला: बृहन्मुंबई महानगरपालिकेची बिल व भरणा व्यवस्था, आणि संस्थेने हिशेबासाठी नेमलेले एक खासगी लेखा कार्यालय, ज्याचे नाव येथे घेण्याचे मला कारण दिसत नाही.

भरणा व्यवस्थेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि ही तिची स्तुतीच समजावी. संकेतस्थळावर खातेक्रमांक टाकला की सहामाहीनुसार देय रक्कम दिसते, पैसे वळते होतात आणि पावती लगेच उतरवून घेता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी विभाग कार्यालयातील नागरी सुविधा केंद्र आहेच. वर्षाची दोन बिले निघतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मुदत उलटल्यास दरमहा दोन टक्के दंड लागतो. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण १२,००० रुपयांच्या बिलावर सहा महिन्यांत १,४४० रुपये वाढतात. इतका चढा दर बँकही गृहकर्जाला लावत नाही.

खरा मजकूर बिलातच आहे, आणि तो वाचणारे रहिवासी मला क्वचितच भेटतात. २०१० पूर्वी मुंबईत घराच्या संभाव्य भाड्यावरून ठरणाऱ्या करपात्र मूल्यावर कर बसत असे. त्यामुळे जुन्या भाड्याच्या चाळीला नाममात्र आणि उपनगरातील नव्या सदनिकेला भरमसाट कर, अशी विसंगती वर्षानुवर्षे चालली. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. शीघ्रसिद्ध गणकातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, त्या भागाचा दर आणि जागेचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि मजला यांचे गुणांक लावतात. येणारी रक्कम म्हणजे भांडवली मूल्य, आणि निरनिराळ्या करांचे दर त्यावर लागतात. या पद्धतीतील काही नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पद्धत मात्र टिकून आहे. सांगायचे ते एवढेच, की आपल्या सदनिकेचे क्षेत्रफळ, इमारतीचे वय किंवा वापराचा प्रकार चुकीचा नोंदला गेला असेल तर ती चूक दर सहामाहीला पुन्हा पुन्हा भरावी लागते. मूल्याची नोटीस आल्यावर तीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि त्यापुढे लघुवाद न्यायालयात अपील करता येते, परंतु त्यासाठी नोटीस उघडून पाहावी लागते. आमच्याकडे ती वॉचमनच्या टेबलावर क्रिकेटच्या वेळापत्रकाखाली सापडली होती.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ५०० चौरस फुटांची रेषा. चटई क्षेत्रफळ ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर, किंवा त्याहून कमी असलेल्या निवासी सदनिकांना आधी २०१९ मध्ये बिलातील अनेक करांपैकी केवळ सर्वसाधारण करातून सूट मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता कर माफ झाला. आमच्या इमारतीत १८ सदनिका ४८० चौरस फुटांच्या आणि २४ सदनिका ५४० चौरस फुटांच्या आहेत. साहजिकच १८ घरांचा कर शून्य आणि संपूर्ण बिल उरलेल्या २४ घरांचे.

येथे लेखा कार्यालयाने घोळ घातला. सहामाहीच्या बिलाची १,६८,००० रुपयांची रक्कम त्यांनी सरळ ४२ ने भागली आणि प्रत्येकाच्या मासिक देखभाल बिलात 'मालमत्ता कर' या शीर्षाखाली एकूण ४,००० रुपये हप्त्याने लावले. कर माफ असलेल्यांनी ४,००० भरले आणि ज्यांचे ७,००० व्हायला हवे होते त्यांचेही ४,०००च झाले. संस्थेच्या आदर्श उपविधीनुसार, म्हणजे कारभाराच्या नियमावलीनुसार, मालमत्ता कर हा स्थानिक प्राधिकरणाने त्या सदनिकेवर ठरवला असेल तितकाच घ्यायचा असतो. सेवाशुल्कासारखा समसमान वाटायचा नसतो. कार्यालयातील तरुणाने मला दूरध्वनीवर ऐकवले, "काका, सॉफ्टवेअरमध्ये तसंच सेट आहे." चूक पकडली ती दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका काकूंनी. पालिकेच्या बिलासोबतची सदनिकानिहाय यादी आणि स्वतःचे देखभाल बिल शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मला जिन्यातच गाठले आणि विचारले, "अहो, सरकारने माफ केलेला कर तुम्ही कुठल्या खात्यात भरता?" मला उत्तर देता आले नाही.

या प्रकरणानंतर मी बिलातील ओळी अर्थसंकल्पाशी ताडून पाहू लागलो, आणि तेथे अपेक्षेपेक्षा बरेच हाती लागले. एका बिलातले पैसे एका पेटीत जात नाहीत. सर्वसाधारण कर मुख्य अर्थसंकल्पात, म्हणजे 'अ' मध्ये जातो. जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर पाणीपुरवठा व मलनिःसारणाच्या 'ग' अर्थसंकल्पाकडे, आणि महापालिका शिक्षण उपकर शाळांच्या 'ई' अर्थसंकल्पाकडे वळतो. राज्य शिक्षण उपकर तर पालिकेचा नव्हेच. ती तो फक्त गोळा करून राज्य शासनाला देते. आमच्यासारख्या मीटर असलेल्या इमारतींना पाण्याच्या वापराचे बिल वेगळे येते आणि मालमत्ता कराच्या बिलात केवळ लाभ कर असतो, वापराचे पैसे नव्हे, म्हणून 'पाण्याचे पैसे दोनदा घेतात' ही सभेत हमखास होणारी तक्रार अर्धवट माहितीवर उभी आहे.

'आमच्या करावर पालिका चालते' हे वाक्यही मी आता जपून वापरतो. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यात मालमत्ता कराचे उद्दिष्ट ५,२०० कोटींचे, म्हणजे शंभरात सात रुपये. १ जुलै २०१७ रोजी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, बंद झाली. तिच्यापोटी राज्य शासनाकडून येणारी भरपाई त्याच अर्थसंकल्पात याच्या कितीतरी पुढे, १४,००० कोटींवर होती. खर्चाच्या बाजूला निम्म्याहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी, म्हणजे रस्ते, पूल, बोगदे, मलजल प्रक्रिया केंद्रे यांसाठी दाखवलेली होती.

दस्तऐवज म्हणून हा अर्थसंकल्प मराठीतही मिळतो, आयुक्तांचे निवेदन वाचनीय असते आणि तक्ते तपशीलवार असतात. मला खटकले ते असे, की तक्ते खात्यानुसार लावलेले असल्याने आपल्या गल्लीतील गटाराचे काम नेमके कोणत्या शीर्षाखाली आहे हे शोधताना रविवारची दुपार जाते. एरवी हे नगरसेवकाला गाठून विचारता येते, पण मधली काही वर्षे तेही शक्य नव्हते. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यानंतरचे पुढचे तीन अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडले आणि प्रशासनानेच मंजूर केले. नगरसेवकांच्या स्थायी समितीत अर्थसंकल्पाची होणारी चिरफाड, जिच्यातून निदान वर्तमानपत्रांना चार आकडे मिळत, त्या काळात झालीच नाही. नागरिकांकडून सूचना मागवल्या जातात, त्या साधारण जानेवारीत. आमच्या संस्थेने यंदा प्रथमच एक सूचना पाठवली, दोनच वाक्यांची, गटाराबद्दल.

लेखा कार्यालयाला आम्ही सदनिकानिहाय यादी देऊन वाटणी नव्याने करायला लावली. १८ घरांना प्रत्येकी ४,००० रुपये पुढील तीन देखभाल बिलांतून वळते करून मिळत आहेत आणि २४ घरांकडून ३,००० रुपयांचा फरक घेणे चालू आहे, त्यातील पाच घरे अजून माझ्याशी बोलत नाहीत. कार्यालयाचे कंत्राट मार्चअखेर संपते. नूतनीकरणाच्या ठरावाला सूचक मिळालेला नाही.